मास्तरांचा उजवा पाय

मी जोडसायकल बोलतेय. चाकं दोन, सीटा दोन, पेडलांच्या जोड्या दोन आणि हँडलंही दोन. पण वळतं फक्त पुढचं. मागचं नुसतं धरायला. ब्रेकही पुढच्याच्याच हातात. मागे बसणाऱ्याने पाय मारायचे आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा, बस्स. इतकी साधी गोष्ट आहे, पण ती ज्यांच्या डोक्यात शिरली अशी माणसं मला फार थोडी भेटली. बाकीच्यांपायी मला किती सोसावं लागलं ते एकदा कुणाला तरी सांगायचंच होतं. तुम्ही सापडलात, आता ऐका.

मला एका कारागिराने दोन भावांसाठी बनवलं. भाऊ हौशी होते. मला लाल रंग दिला, पुढे घंटा लावली आणि पहिल्याच चढावर भांडले. पुढचा म्हणाला, "तू पायच मारत नाहीस." मागचा म्हणाला, "मीच ओढतोय, तू नुसता हवा खातोयस." आता यात खरी गोष्ट अशी, की पुढची आणि मागची पेडलं एकाच चेनने बांधलेली असतात. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरतोच. त्यामुळे माझ्यावर बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की सगळे कष्ट आपलेच. दोघंही पाय मारत होते, मी साक्षीला होते. पण सायकलला विचारतो कोण? भावांनी मला गोदामात रंगाच्या डब्यांमागे ढकललं आणि दार लावून घेतलं. उंदरांनी माझी मागची सीट कुरतडली. एकूण बरं चाललं होतं म्हणायचं, कारण उंदीर निदान भांडत नव्हते.

मग एके दिवशी दार उघडलं आणि माझ्या नशिबात मास्तर आले.

मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे. गाडीच्या दोन्ही बाजूंना 'शिकाऊ' अशी पाटी, आणि त्यांच्या बाजूला पायाखाली एक जादा ब्रेक. शिकणारा घाबरला, की मास्तरांचा उजवा पाय दणकन त्या ब्रेकवर. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसायचं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. "आरसा बघा. क्लच. हळू. पुढे खड्डा आहे. मी काय म्हणालो? हळू!" तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांची जीभ आणि उजवा पाय ही दोन्ही त्यांच्या ताब्यात उरली नव्हती. जेवताना कुणी घाईने घास घेतला तरी त्यांचा पाय टेबलाखाली दाबला जायचा, असं त्यांच्या बायकोने माझ्यादेखत सांगितलं आहे.

त्यांची बायको म्हणजे सिस्टर. घरोघरी जाऊन पेशंटांना इंजेक्शनं देणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या नर्सबाई. सगळी नोकरी सायकलवर केली. वर्षातून एकदा शहरातल्या सायकलवाल्यांची मोठी राईड निघायची, घड्याळाच्या चौकापासून थेट समुद्रापर्यंत. दोनशे किलोमीटर, एका दिवसात, सूर्य मावळायच्या आत. सिस्टरांनी ती कधी चुकवली नाही. मास्तर मागून गाडीत डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन यायचे आणि काचेतून हात बाहेर काढून सूचना द्यायचे.

पुढे सिस्टरांच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसायचं, पण जिथे बघावं नेमकं तिथे, मधोमध, धूर. सिरिंजवरची रेघ दिसेना तेव्हा त्यांनी काम आपणहून सोडलं. सायकल मात्र सोडवेना. एका सकाळी उभ्या टेम्पोवर जाऊन आदळल्या आणि सायकलही सुटली. डॉक्टर म्हणाले, आहे ते हळूहळू आणखी कमी होत जाईल. त्यानंतर रस्त्यावरून कुणाची घंटा वाजली की सिस्टर खिडकीतून उठून आत जाऊ लागल्या.

हे न बघवून मास्तरांनी मला शोधून काढलं, तेल पाजलं, नवी सीट लावली आणि दारात आणून उभं केलं.

"हे काय आणलंत?" सिस्टरांनी मला पुढून मागपर्यंत चाचपलं.

"जोडसायकल. मी पुढे, तू मागे. यंदाची राईड करायची. नावंही दिलीत."

"तुम्हाला सायकल येते?"

"तीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय मी."

"मी गाडीचं नाही विचारलं."

मास्तर माझी घंटा पुसायला लागले. त्यांना सायकल येतच नव्हती! लहानपणी शिकायची राहिली आणि मोठेपणी लाज आडवी आली. ज्याला एका सीटची सायकल कधी जमली नाही, तो दोन सीटांची घेऊन समुद्राला निघाला होता. मी तेव्हाच कपाळावर हात मारला असता, पण मला ना कपाळ, ना हात.

सिस्टरांनी माझ्या मागच्या हँडलवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "एकदाच. वेळेत समुद्राला पोचलो, तर मी आयुष्यभर मागे बसेन, तक्रार करणार नाही. नाही पोचलो, तर हिला विकून टाकायची आणि पुन्हा या घरात सायकलचं नाव काढायचं नाही. मला सारखी सारखी आशा लावून ठेवू नका हो. त्रास होतो."

मास्तरांनी मान डोलावली. ती सिस्टरांना दिसली नसावी, म्हणून "हो" असंही म्हणाले.

आणि माझे हाल सुरू झाले. मास्तर जिथे गाडी शिकवायचे त्याच मैदानावर भल्या पहाटे, शिकाऊ मंडळी यायच्या आत, मला घेऊन जायचे. सिस्टर कडेच्या बाकावर बसायच्या. मास्तर सीटवर चढायचे, दोन हात जायचे, झोक जायचा, मास्तर घाबरायचे, आणि घाबरले की तो उजवा पाय दणकन खाली! गाडीत त्याने गाडी थांबते. माझ्यावर त्याने पेडल फिरतं. म्हणजे ज्या क्षणी या गृहस्थाला थांबायचं असायचं, नेमक्या त्या क्षणी मी उधळायचे. अशा रीतीने आम्ही गोलपोस्टवर आपटलो, पाण्याच्या टाकीवर आपटलो, आणि मैदानात वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चादरींत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलो. दर वेळी मास्तर उठून माझ्याकडेच रागाने बघायचे. "ब्रेकच लागत नाही या डबड्याला!"

"हात, हात!" बाकावरून सिस्टर ओरडायच्या. "ब्रेक हाताशी आहे, पायाशी नाही!"

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर दाबा!"

"दाबतोच आहे."

"आवाजावरून तरी वाटत नाही."

त्यात यांना समोर बघायचं ठाऊक नाही. मोटारीच्या सवयीने नजर सारखी आरशाच्या जागी, जिथे आरसा नाही. मग कुणी तरी सांगितलं, मागे वजन ठेवून सराव करा. मास्तरांनी मागच्या सीटला वाळूचं पोतं बांधलं. आता पुढे न शिकलेला माणूस आणि मागे पोतं, मधे मी. चढ आला की मास्तर धापा टाकत मागे वळून पोत्याला म्हणायचे, "जरा जोर लाव की." सवय म्हणजे किती वाईट!

एकदा सकाळी लवकर आलेल्या शिकाऊ मंडळींनी हा सगळा तमाशा पाहिलाच. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या, दोनदा परीक्षेत नापास झालेल्या आणि मास्तरांची बोलणी खाऊन खाऊन टणक झालेल्या. मास्तर खड्ड्याकडे टक लावून खड्ड्यातच निघाले होते. बाई हात कमरेवर ठेवून ओरडल्या, "सर, नजर लांब! खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल!" वाक्य मास्तरांचंच होतं, रोज दहादा वापरून गुळगुळीत झालेलं. मास्तरांनी रागाच्या भरात नजर लांब केली आणि आम्ही खड्ड्याच्या बाजूने सरळ निघून गेलो. शिकाऊ मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी त्या दिवशी कुणालाही पहिल्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही.

शेवटी सायकल त्यांना आली. म्हणजे हात शिकले, नजर शिकली. पाय काही शिकला नाही. पण हात आधी ब्रेक दाबायला लागले आणि पाय मागाहून नुसताच फडफडायचा. तेवढ्यावर मी समाधान मानलं. मग पोतं उतरलं आणि सिस्टर चढल्या.

मला वाटलं, आता सुटले. जाणती बाई आली. कसलं काय! सिस्टरांनी जन्मभर हँडल स्वतःच्या हातात ठेवलेलं. वळण आलं की त्या आपलं अंग झुकवायच्या, तेही मास्तरांच्या आधी आणि अनेकदा उलट्या दिशेला, कारण समोरचं तर दिसत नव्हतं. एकाचं अंग डावीकडे, दुसरीचं उजवीकडे, आणि माझं कंबरडं मधे पिळून निघायचं.

"तू झुकू नकोस गं!"

"तुम्ही मुळात वळताय का सरळ जाताय, ते तर कळू द्या!"

झालं. मास्तरांना हेच हवं होतं. त्यांची जीभ सुटली ती सुटलीच. "डावं वळण, आता. सरळ. पुढे गतिरोधक, उठ जरा. बस खाली. उजवीकडून बस जातेय, लांब आहे. कुत्रं आहे, बसलेलं. उठलं. परत बसलं." घर सोडल्यापासून घर येईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. आठवड्या-आठवड्याला राईड लांबत गेली, आणि तो पट्टाही. वीस किलोमीटरच्या राईडला वीस किलोमीटर बडबड, ऐंशीच्याला ऐंशी. माझी चेन करकरते म्हणून तेल घालायचे, पण या माणसाला तेल कुठे घालायचं?

"किती बोलता हो!" सिस्टर कावायच्या. "मी काय तुमची शिकाऊ आहे? अर्ध्याहून जास्त रस्ता मला दिसतोय."

"बरं, नाही बोलत," मास्तर म्हणायचे. "पुढे खडी आहे."

पहिल्या मोठ्या राईडनंतर दोघांनाही बूड टेकवता येईना. दोन दिवस ओट्याशी उभं राहून जेवले आणि एकमेकांना दोष देत राहिले. पण सिस्टर रात्री झोपताना राईड किती किलोमीटर झाली ते मोठ्याने म्हणायच्या, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. त्या आवाजात आनंद होता. मला राग यायचा तो याचाच. एवढं सगळं जमत असताना ही माणसं भांडतात कशाला?

राईडचा दिवस उजाडला. चौकात सायकलींची ही गर्दी. सगळे सिस्टरांना ओळखणारे, त्यांना भेटून आनंदलेले. निघालो. सकाळभर आम्ही छान गेलो. मास्तर बोलत होते, सिस्टर पाय मारत होत्या, मी मुकाट्याने दोघांना वाहत होते.

दुपारी अर्ध्या वाटेवर चहापाण्याला थांबलो. तिथे सिस्टरांच्या जुन्या ग्रुपमधला एक टक्कल पडलेला, हसरा, बावळट माणूस होता. म्हणाला, "सिस्टर, मजा आहे तुमची! मागे बसून आराम, वर रेडिओ फुकट. स्टेशन बदलता येत नाही ना पण?" सगळे हसले. मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. पण जी बाई इतकी वर्षं या सगळ्यांच्या पुढे असायची, तिचा चेहरा उतरला. आम्ही निघालो तेव्हा त्या मागून हळू पण स्पष्ट म्हणाल्या, "आता समुद्र येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तुम्हाला हात जोडते."

मास्तरांना ते लागलं. त्यांनी तोंड मिटलं.

अहाहा! किती महिन्यांनी मला नुसता चाकांचा आवाज ऐकू आला. वाटलं, आता सुखाने समुद्र गाठू. पण थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की काही तरी बिनसलंय. सिस्टरांचे हात मागच्या हँडलवर असे आवळले गेले की पकड सुटेना. गतिरोधक आला, त्या बसूनच राहिल्या आणि पाठीतून दणका खाल्ला. ट्रक शेजारून गेला, त्या शहारल्या. पाय फिरत होते, पण अडखळत, माघार घेत. मास्तरांना वाटलं, रुसली आणि पाय मारायचं सोडलं. ते एकटेच रेटत राहिले, तोंडातून अवाक्षर नाही. आमचा वेग पडत गेला, बाकीच्या सायकली पुढे निघून गेल्या, ऊन कलायला लागलं. मी काय करणार? मला घंटा आहे, तीही स्वतःहून वाजवता येत नाही. दोघंही इतकी हट्टी, की मनातल्या मनात मी त्या भांडखोर भावांची माफी मागितली.

मग घाट लागला. इथून खाली उतरलं की समुद्र. पहिल्याच वळणावर सिस्टर ओरडल्या, "थांबा!"

मास्तरांनी हातांनी ब्रेक दाबले आणि आम्ही कठड्याशी थांबलो. सिस्टर उतरल्या.

"मी चालत येते. तुम्ही जा. विका ही सायकल. मला नाही जमणार."

"अगं पण झालं काय? सकाळी किती चांगली बसली होतीस!"

"सकाळी तुम्ही बोलत होतात."

"तूच म्हणालीस ना, गप्प बसा म्हणून?"

"म्हणाले." सिस्टर कठड्यावर बसल्या. "मला वाटायचं, मला अजून दिसतं. खड्डा कुठे आहे, वळण किती आहे, बस केवढ्यावर आहे. वाटायचं, मीच बघतेय, आणि हे उगाच बडबड करतात. तुम्ही तोंड मिटलंत आणि सगळं गेलं हो. रस्ताच गेला. मला काहीच दिसत नव्हतं. किती दिवसांपासून दिसत नाहीये, कोण जाणे."

त्या रडायला लागल्या. मास्तर माझं हँडल धरून उभे. मला त्यांनी पाडलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं, निदान काही आवाज तरी झाला असता. माझाही संताप कुठल्या कुठे गेला होता.

मास्तर खाकरले आणि अगदी त्यांच्या रोजच्या, मैदानावरच्या आवाजात म्हणाले, "पुढे उतार. रस्ता कोरडा. डावीकडे कठडा, उजवीकडे डोंगर. तीन वळणं दिसताहेत, पहिलं डावं, सोपं आहे. मागून काही येत नाही. बस."

सिस्टरांनी पदराने नाक पुसलं आणि बसल्या.

काय सांगू तो घाट! मास्तर बोलत होते, बोलत होते, घसा बसला तरी बोलत होते. "डावं, झुक. आणखी. सरळ. आता उजवं." सिस्टर त्यांच्या शब्दाबरोबर झुकत होत्या, आणि माझं कंबरडं पहिल्यांदा कुणी पिळलं नाही. एका वळणावर एकदम शेळी आडवी आली. मास्तर घाबरले, आणि तो पाय, तो अवलक्षणी उजवा पाय, दणकन खाली निघाला! पण पेडल फिरलंच नाही. सिस्टरांनी मागून आपलं पेडल घट्ट अडवून धरलं होतं. हातांनी ब्रेक लागला, शेळी गेली.

"पाय," सिस्टर म्हणाल्या.

"हो हो," मास्तर म्हणाले. "शेळी होती. गेली."

शेवटच्या वळणानंतर ते म्हणाले, "समोर समुद्र आहे."

"कसा आहे?"

मास्तरांना रस्ता सांगता येतो, समुद्र नाही. "रुंद आहे," ते म्हणाले. "डावीकडून उजवीकडे, सगळा. रंग जुन्या टायरसारखा. वर जरा चकाकतोय. वाहतूक नाही."

सिस्टर इतक्या हसल्या, की मी डगमगले.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. बॅनर उतरवून झालं होतं आणि दोघं जण टेबलं मिटून गाडीत भरत होते. त्यातला एक कसनुसं तोंड करून म्हणाला, "थोडक्यात हुकलं हो, सिस्टर." मास्तर उतरले. शब्दाचे पक्के. माझ्या सीटवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "नापास. ठरलं होतं तसंच करायचं. उद्या गिऱ्हाईक बघतो."

आता मला काय वाटलं ते विचारू नका. रंगाचे डबे आठवले, उंदीर आठवले.

सिस्टर अजून मागच्या सीटवरच बसल्या होत्या, पाय पेडलांवर. "तुमचा शिकाऊ परीक्षेत नापास झाला तर काय करता?"

"काय करणार? सराव करून परत बसवतो."

"गाडी विकता?"

"गाडी कशाला विकू?"

"मग?" सिस्टर म्हणाल्या. "मी काय उतरले आहे का अजून?"

तर मी अजून याच घरात आहे, जिन्याखाली. माझा लाल रंग जागोजागी उडालाय, पुढचं चाक किंचित वाकडं आहे आणि दर रविवारी मला बाहेर काढतात. सिस्टरांचा धूर वाढला आहे. आता कडेचंही पुसट झालंय. त्या तक्रार करतातच. "आयुष्यभर करणार नाही" वगैरे सगळं विसरल्या. मास्तर हळू बोलले तर चिडतात, जोरात बोलले तर चिडतात, आणि एखादं झाड सांगायचं राहिलं तर सावली अंगावरून गेल्याबरोबर विचारतात, "हे काय होतं?" मास्तरांचा पाय तसाच आहे. माझ्या चेनचे हाल कुत्रा खात नाही. सुधारणार नाहीत ही दोघं, मी आशा सोडली आहे.

फक्त एक मागणं आहे. रस्त्यात कधी आम्ही दिसलो, पुढे एक म्हातारा सारखा ओरडतोय आणि मागे एक म्हातारी मान कलती करून बसली आहे असं दिसलं, तर हॉर्न वाजवू नका. काच खाली करून "काका, घरी भांडा" असंही म्हणू नका. बरेच जण म्हणतात. तो भांडत नाहीये. तेवढा वेळ तुम्ही जरा आवाज कमी ठेवा. तिला रस्ता ऐकू येऊ द्या.